अठरा सशांचा अर्ज

अर्जावर आकडा होता १८. न्यूझीलंड व्हाइट जातीचे ससे, दर नमुन्याला तीन, नमुने सहा. तीन सक अठरा. कामाचं नाव ‘त्वचादाह चाचणी’, पदार्थ ‘औद्योगिक क्लीनर, द्रव’. प्राणी न वापरता हे काम होईल का, या प्रश्नापुढे एकच ओळ टाइप केलेली होती: पर्याय उपलब्ध नाही.

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत रसायनांच्या चाचण्या करून देणारी एक प्रयोगशाळा आहे. तिच्या प्राणी नैतिकता समितीवर मी बसते. शास्त्राशी माझा संबंध दहावीपुरता. लालबागच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. पण नियमाने या समितीत आठ जण लागतात: वेगवेगळ्या शाखांचे जीवशास्त्रज्ञ, पशुवैद्य, प्राणीगृहाचे प्रमुख, बाहेरच्या संस्थेतले एक शास्त्रज्ञ, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीचे प्रतिनिधी, आणि एक ‘सामाजिक जाण असलेली, शास्त्रज्ञ नसलेली’ व्यक्ती. ती मी. पहिल्या बैठकीला चहा आणणाऱ्या मुलाने “मॅडम, तुमचं डिपार्टमेंट कुठलं?” असं विचारलं, तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं.

समितीचे कागद बाहेर दाखवायचे नसतात. म्हणून नावं गाळली आहेत, फॉर्म्युल्यातलंही प्रकरण समजायला लागतं तेवढंच ठेवलं आहे.

अर्जामागचे गृहस्थ साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधले गाळेवाले. लेथवरचं, ड्रिलिंग मशीनवरचं, गॅरेजच्या फरशीवरचं तेल आणि ग्रीस काढणारं पाणी ते बनवतात. धंद्यात त्याला डीग्रीझर म्हणतात. माल वडगादीहून येतो: ॲसिड स्लरी म्हणजे डिटर्जंटचा कच्चा माल, कॉस्टिक, ग्रीस विरघळवणारं बुटाइल, रंग, सेंट. पिंपात ढवळायचं, कॅनमध्ये भरायचं, टेम्पोत चढवायचं. पंधरा वर्षं हे निवांत चाललं होतं. मग दुबईच्या एका व्यापाऱ्याने ऑर्डर दिली आणि सोबत कागदांची यादी पाठवली. त्यात त्वचेच्या दाहाबद्दल माहिती मागितली होती. गाळेवाल्यांनी प्रयोगशाळेला फोन केला, प्रयोगशाळेने कोटेशन पाठवलं, आणि कोटेशनात ससे होते.

चाचणी म्हणजे काय ते सांगते. सही करायची तर आधी डोळ्यांनी बघायचं, हा हट्ट मी पहिल्या वर्षीच धरला होता. तेव्हा दुसऱ्याच कुठल्या तरी पदार्थाची चाचणी चालू होती. प्राणीगृह सांभाळणारे काका मूळचे चिपळूणचे, बोलायला कमी. आदल्या दिवशी त्यांनी सशाच्या पाठीवरचे केस मशीनने काढले. वस्तरा चालत नाही. कातडीला ओरखडा उठला तर तो ससा त्या चाचणीतून बाद. दुसऱ्या दिवशी त्या उघड्या कातडीवर दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा धरून अर्धा मिलिलिटर द्रव लावला, वर गॉजचा तुकडा, त्यावर चिकटपट्टी. चार तास. मग पट्टी काढून जागा पुसायची आणि बघत बसायचं: एका तासाने, चोवीस तासांनी, अठ्ठेचाळीस तासांनी, बहात्तर तासांनी. खुणा राहिल्या तर चौदा दिवसांपर्यंत.

बघायचं काय, तर लाली आणि सूज. दोन्हींना शून्य ते चार गुण. शून्य म्हणजे काही नाही, चार म्हणजे बिटासारखी लाल कातडी किंवा वर खपली. ऐकायला हे नेमकं वाटतं. मी तिथे उभी होते तेव्हा दोन तंत्रज्ञ एकाच सशाच्या पाठीकडे वाकून बघत होते. एकाने “दोन” म्हटलं. दुसरी म्हणाली, “दोन कुठे, दीड.” दीड हा गुणच नसतो. शेवटी ट्यूबलाइट पुरत नाही म्हणून टॉर्च आणला आणि दोन लिहिले. शाळेत निबंध तपासताना आम्ही हेच करायचो, फक्त निबंधाला कान नव्हते. त्या सशाचे कान काकांच्या मनगटाला टेकलेले होते आणि काका त्याच्या मानेवर बोट फिरवत होते. ते कुठल्याही कार्यपद्धतीत लिहिलेलं नाही.

ही पद्धत १९४४ची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली, म्हणून आजही जुनी माणसं तिला ड्रेझ टेस्ट म्हणतात. ओईसीडी या प्रगत देशांच्या आर्थिक संघटनेने १९८१ साली ४०४ क्रमांकाची मार्गदर्शिका काढून तिला जगभर एकच रूप दिलं. पण गुण देणारा डोळा माणसाचाच राहिला. १९७१ साली वाइल आणि स्काला या दोघांनी बऱ्याच प्रयोगशाळांना तेच पदार्थ देऊन तुलना केली, तर एकीकडे सौम्य ठरलेला पदार्थ दुसरीकडे तीव्र ठरत होता. त्यात सशाची कातडी आपल्यापेक्षा पातळ, तिच्यातून पदार्थ लवकर आत जातो. आपल्याला ज्याचं फार काही वाटत नाही त्यानेही ससा लाल होतो.

तर पुन्हा बैठकीकडे. जून संपत आलेला, बाहेर पाऊस, टेबलावर सामोसे. चाचणीची जबाबदारी असलेल्या स्टडी डायरेक्टर मॅडम तरुण, हुशार, आणि त्या दिवशी जरा घाईत. त्यांनी अर्ज वाचून दाखवला. पहिली हरकत पशुवैद्य डॉक्टरांची: एकदम तीन ससे का? ४०४ मध्ये आधी एकच ससा घ्यायचा असतो. गंभीर इजेची शंका असेल तर त्याच्यावरही पायरीपायरीने, तीन मिनिटं, मग एक तास, मग चार तास. कातडी जळताना दिसली की तिथेच थांबायचं, बाकीच्या दोघांना हात लावायचा नाही. “दर नमुन्याला तीन हे छापील पान आहे का तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं. मॅडम गप्प राहिल्या. छापीलच होतं.

केंद्रीय समितीचे प्रतिनिधी मोजकं बोलतात. पूर्वी ज्याला सीपीसीएसईए म्हणत आणि आता सीसीएसईए म्हणतात त्या समितीचा माणूस हजर नसेल तर बैठक धरत नाहीत, त्यामुळे सगळे त्यांना जपून असतात. ते एवढंच म्हणाले, “पीएच किती?”

अर्जात नव्हता.

पुढची दहा मिनिटं मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. शेजारच्या खोलीतून एक मुलगा सहा छोट्या बाटल्या आणि पीएच कागदाची चकती घेऊन आला. प्रिन्सेस स्ट्रीटला मिळते तीच, डबीवर रंगांची शिडी छापलेली. सामोश्यांच्या प्लेटा बाजूला सरकवून पांढरी टाइल ठेवली. नमुना ‘अ’मध्ये पट्टी बुडवली तर ती पिवळ्याची हिरवी न होता सरळ काळसर जांभळी झाली, डबीवरचा शेवटचा रंग. ‘ब’ तसाच. ‘क’, ‘ड’, ‘ई’ हिरवट निळ्यापाशी थांबले, नऊ-साडेनऊ. ‘फ’ त्याहून थोडा खाली. पट्टीचं पाणी टाइलवरून ओघळलं आणि डॉक्टर म्हणाले, “सामोसे लांब ठेवा.”

‘अ’ आणि ‘ब’मध्ये चार टक्के कॉस्टिक सोडा होता. ज्याचा पीएच दोनच्या खाली किंवा साडेअकराच्या वर, तो पदार्थ कातडी जाळणारा धरून चालावं आणि प्राण्यावर लावू नये, हे मार्गदर्शिकेचंच सांगणं. बाहेरच्या संस्थेतून येणारे सर माटुंग्याला रसायनशास्त्र शिकवायचे, तेही निवृत्त. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली आणि ती महत्त्वाची आहे. नुसता पीएच पुरत नाही. पट्टी जांभळी झाली तरी द्रवात अल्कली नावाला असेल तर कातडी ती पचवते. किती अल्कली साठवलेली आहे तेही मोजायला हवं. “पण चार टक्के कॉस्टिकमध्ये ही शंका काढायला जागाच नाही,” ते म्हणाले. युरोपच्या वर्गीकरणात कॉस्टिक अर्धा टक्का ते दोन टक्के असेल तर दाहक, दोनच्या पुढे जाळणारं, पाचच्या पुढे सर्वांत वरची पायरी. हा तक्ता छापलेला आहे, ज्याला वाचता येतं त्याला फुकट आहे. दोन नमुने गेले. सहा ससे गेले. म्हणजे वाचले.

इथे मला राग आला होता हे कबूल करते. पट्टीच्या चकतीची किंमत सामोश्यांच्या बिलापेक्षा कमी होती. सशांचा अर्ज समितीपर्यंत आणायला तीन जणांच्या सह्या लागतात आणि त्या तिघांपैकी एकालाही कॅनचं झाकण उघडून कागद बुडवावासा वाटला नाही.

माझा वाटा त्यानंतरचा. समितीत मला रसायनं कळत नाहीत, म्हणून मी जोडलेले कागद वाचते, अगदी लेबलाच्या मसुद्यापर्यंत. ‘फ’ नमुन्याचं लेबल गाळेवाल्यांनी हौसेने मराठीत करून घेतलं होतं. चित्र, लिंबू, आणि खाली ओळ: ‘मशीन, फरशी आणि हात – सर्वांसाठी एकच’. मी म्हटलं, “हे ‘हात’ काय आहे?”

मॅडमना वाटलं मी शुद्धलेखनाबद्दल बोलते आहे. सरांना मात्र लगेच कळलं. ‘फ’ हा ‘क’चाच अर्धा पातळ केलेला, दाट करून सेंट घातलेला अवतार, गॅरेजवाल्यांना हात धुवायला. शरीरावर चोळायची, ओतायची, स्वच्छतेसाठी लावायची वस्तू म्हणजे आपल्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याच्या व्याख्येत प्रसाधन. आणि प्रसाधनाची चाचणी प्राण्यावर करायला भारतात २०१४ पासून बंदी आहे. नियमावलीत १४८-क हे कलम घालून ती आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधनं आयात करायलाही मनाई झाली. म्हणजे त्या एका शब्दामुळे ‘फ’चे तीन ससे नुसते अनावश्यक नव्हते, बेकायदा होते. मी एकतीस वर्षं मुलांना सांगत आले की शब्द जपून वापरावा; त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

राहिले ‘क’, ‘ड’ आणि ‘ई’. ‘ड’ म्हणजे ‘क’ अधिक पिवळा रंग आणि लेमनचा सेंट. ‘ई’ म्हणजे ‘क’ अधिक जांभळा रंग आणि लॅव्हेंडर. रंग-सेंट चिमूटभर. मूळ मिश्रण तेच असेल आणि फरक किरकोळ असेल तर एकाची माहिती दुसऱ्याला लावता येते. रसायनांच्या जागतिक वर्गीकरण पद्धतीत याची तरतूद आहे. घरातली उपमा द्यायची तर एका पिठाचे तीन लाडू, एकावर बेदाणा, एकावर काजू. पीठ कडू आहे का हे बघायला तिन्ही खावे लागत नाहीत. सेंटने ॲलर्जी उठते का हा प्रश्न वेगळा, आणि तो या चाचणीने सुटतच नाही. दाह आणि ॲलर्जी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लेबल लिहिणारेही यात घोळ घालतात.

अठराचे तीन झाले होते. आता खरा प्रश्न: ‘क’चं काय?

इथे गाळेवाल्यांना बोलवायचं ठरलं. अशी पद्धत नाही, पण प्रतिनिधींना त्या दुबईच्या मेलचा मूळ मजकूर बघायचा होता. पुढच्या आठवड्यात ते आले, पन्नाशीचे, कपाळाला गंध, आवाज मोकळा. सोबत पाच लिटरचे दोन कॅन उचलून आणणारा त्यांचा माणूस. मेल बघितला. त्यात एवढंच होतं की मालाच्या सुरक्षितता पत्रकात दोन आणि अकरा क्रमांकाचे भाग, म्हणजे धोके आणि शरीरावरचे परिणाम, भरलेले हवेत आणि त्वचेच्या दाहाबाबत उपलब्ध माहिती किंवा अहवाल जोडावा. ससा हा शब्द नव्हता. प्राणी हा शब्दही नव्हता. ससे प्रयोगशाळेच्या जुन्या कोटेशनमधून आले होते आणि कोटेशन कुणीतरी आधीच्या फाइलमधून उचललं होतं.

मग गाळेवाल्यांनी मनातलं सांगितलं. “ताई, खरं सांगू? सशावर सौम्य आलं असतं तर ‘अ’ला आठ नंबर लागला नसता.” आठ नंबर म्हणजे वाहतुकीचा धोका-वर्ग, क्षरणकारी माल. कॉस्टिकचं पाणी या वर्गात गेलं की जहाजाचं भाडं वाढतं, कॅन वेगळे लागतात, न्हावाशेवाला कागद वाढतात. त्यांची आशा सशावर होती. आशा खोटी होती, कारण सशाची पाठ तासाभरातच त्यांच्या विरुद्ध बोलली असती, पण मला त्यांचं वाईटही वाटलं. त्यांना कुणी आधी गणित करून दाखवलंच नव्हतं.

त्यांचा माणूस दाराशी उभा होता. वॉचमनने वहीत सही करायला सांगितली तेव्हा त्याचा हात बघितला. दोन्ही हातांची बोटं टोकाशी पांढरी पडलेली, भेगा, उजव्या अंगठ्याला इन्सुलेशन टेपचा काळा वेढा. मी विचारलं, किती वर्षं? “सहा, बाई.” दुखतं? “हिवाळ्यात. रात्री खोबरेल लावतो.” मग जरा हसून म्हणाला, “रेशनवर अंगठा लागत नाही. बायकोचा लावतो.” मशीनला त्याच्या अंगठ्यावरच्या रेषाच सापडत नव्हत्या.

मी आत येऊन सरांना विचारलं, हे सशावर दिसलं असतं का? ते म्हणाले, नाही. चार तास, एकदा, न दुखावलेल्या कातडीवर, अर्धा मिलिलिटर. या माणसाचा हात रोज सात-आठ तास पातळ केलेल्या द्रवात, सहा वर्षं, मध्ये साबणाने धुणं, मध्ये ऊन. अशाने कातडीवरचं तेल जातं, मग वरचा थर फाटतो, आणि एका वेळेला जे सौम्य ठरेल तेच वर्षभरात हात फोडतं. ४०४चा प्रश्न तो नव्हताच. आम्ही दीड तास ज्या कागदांवर वाद घातला त्यातल्या एकाही कागदाने या अंगठ्याबद्दल काही विचारलेलं नव्हतं.

‘क’चा निकाल कसा लागला ते आता. वर्गीकरणाच्या गणिताने ‘क’ दाहक ठरत होता: न्यूट्रल केलेली ॲसिड स्लरी आणि इतर दाहक घटक मिळून दहा टक्क्यांच्या वर जात होते. पण मिश्रणाची प्रत्यक्ष चाचणी असेल तर ती गणितापेक्षा वरचढ धरतात. गाळेवाल्यांचं म्हणणं, आमचा ‘क’ तेवढा कडक नाही. ठीक, बघू. पण कशावर?

ओईसीडीची ४३९ क्रमांकाची मार्गदर्शिका २०१० पासून आहे. शस्त्रक्रियेत उरलेल्या, परवानगीने दिलेल्या मानवी त्वचेतल्या पेशी वाढवून एका जाळीवर त्यांचा थरावर थर बसवतात. वर हवा, खाली पोषकद्रव्य. काही दिवसांत आपल्या बाह्यत्वचेसारखी रचना तयार होते. यावर पदार्थ लावायचा, ठरलेल्या मिनिटांनी धुवायचा, बेचाळीस तास तशीच वाढू द्यायची, आणि मग एमटीटी नावाचं पिवळं द्रव्य घालायचं. जिवंत पेशी ते जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा रंग विरघळवून यंत्राने मोजला की टक्के मिळतात. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत, तर पदार्थ दाहक. गुण देणारा डोळा नाही, दीड की दोन हा वाद नाही.

या प्रयोगशाळेत तशी सोय नव्हती. अर्जातलं ‘पर्याय उपलब्ध नाही’ हे वाक्य तिथून आलं होतं: आमच्या इमारतीत नाही, म्हणून जगात नाही. काम बाहेरच्या प्रयोगशाळेकडे दिलं. मॅडमनी स्वतः पाठपुरावा केला आणि फोटो पाठवला, तो माझ्या फोनमध्ये अजून आहे. छोट्या गोल खणांचं ताट, आप्पेपात्रासारखं. पहिल्या ओळीत नुसतं क्षारपाणी लावलेल्या चकत्या, पिकल्या जांभळाच्या रंगाच्या. दुसऱ्या ओळीत पाच टक्के सोडियम लॉरिल सल्फेट, मुद्दाम दाह करणारं, म्हणून फिकट, जवळजवळ पांढऱ्या. ते शांपूतही असतं. तिसऱ्या ओळीत ‘क’ आणि त्याच्या चकत्या दुसऱ्या ओळीच्या जवळच्या होत्या. आकडा पन्नासच्या बराच खाली आला. दाहक. गणिताने जे आधीच सांगितलं होतं तेच.

जांभळा ‘ई’ थेट तपासायला घेतला असता तर एक गंमत झाली असती. त्याचा स्वतःचा रंगच यंत्राला जिवंत पेशीसारखा दिसू शकतो, आणि मेलेली कातडी धडधाकट निघते. त्यासाठी वेगळे नियंत्रण-नमुने ठेवावे लागतात. रंगहीन ‘क’ घेतल्यामुळे ती भानगड टळली. ही पद्धतही सर्वज्ञ नाही. अगदी सौम्य दाहाची खालची पायरी ती सांगत नाही, ॲलर्जी सांगत नाही, सहा वर्षांचा अंगठा तर नाहीच नाही.

माझ्या मैत्रिणी मला विचारतात, म्हणजे तू सशांवरच्या सगळ्या प्रयोगांच्या विरुद्ध आहेस ना? नाही. मी परळवरून रोज जाते. तिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ आहे, सगळं पायी अंतरात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, हाफकिन यांनी लस आधी सशांना दिली आणि १० जानेवारी १८९७ला स्वतःला टोचून घेतली. लालबाग-परळच्या कितीतरी घरांचे पणजोबा त्या लसीने वाचले असतील. त्याच बैठकीत दुसरा अर्जही आमच्यापुढे होता, एका त्वचारोगावरच्या मलमाचा. रुग्णाला ते आठवडेच्या आठवडे लावायचं, म्हणून सशांच्या पाठीवर रोज लावून बघायचं होतं. नव्या औषधांच्या नियमांत अशी चाचणी सात ते नव्वद दिवसांची असू शकते. त्याच नियमांत सुरुवातीची तपासणी प्राण्यांशिवाय करता येते असंही लिहिलं आहे, आणि ती त्यांनी करून जोडली होती. संख्या का एवढी, दुखलं तर काय, कधी थांबवणार, सगळं लिहिलेलं. मी दोन प्रश्न विचारले आणि सही केली. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “बरं. त्यांना गवत चांगलं मागवतो.”

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं सतरावं कलम मी पहिल्या वर्षी वहीत उतरवून घेतलं होतं. शक्य असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, असं ते म्हणतं आणि उदाहरण शिकवण्याचं देतं: पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती पुरत असतील तर प्राणी नको. ‘शक्य असेल तिथे’ हे तीन शब्द कागदावर सोपे दिसतात. या प्रकरणात ते शक्य होतं हे कळायला एक पट्टी, एक तक्ता, लेबलावरचा एक शब्द आणि एक मेल नीट वाचावा लागला. यातलं काहीही नवं विज्ञान नव्हतं.

प्रयोगशाळेने अर्जाचा नमुना बदलला. आता पीएच, अल्कलीचा साठा, घटकांचं गणित आणि ग्राहकाच्या मागणीचा मूळ मजकूर जोडल्याशिवाय फाइल समितीकडे येत नाही. मॅडमनी हे एका संध्याकाळी बसून केलं आणि त्याबद्दल कुठे फारसं बोलल्या नाहीत. त्यांची बाजूही सांगायला हवी: त्या वर्षी त्यांच्याकडे तीन माणसांचं काम होतं आणि ‘जुनी फाइल काढ, नाव बदल’ ही सवय त्यांनी लावलेली नव्हती, त्यांना वारशात मिळाली होती.

गाळेवाल्यांनी ‘ब’ बंद केला, ‘अ’ आठ नंबरच्या कागदांसह पाठवला. ‘क’, ‘ड’, ‘ई’च्या कॅनवर उद्गारचिन्हाचं लेबल आणि ‘त्वचेला दाह होतो, हातमोजे वापरा’ ही ओळ लागली. ‘फ’च्या लेबलावरून ‘हात’ गेला. तसा माल विकायचा तर प्रसाधनाचा परवाना काढावा लागेल, एवढं त्यांना पटलं.

सप्टेंबरात मी साकीनाक्याला दुसऱ्या कामाने गेले होते, म्हणून गाळ्यात डोकावले. भिंतीवर खिळ्याला निळे नायट्राइल हातमोजे टांगलेले, नवे कोरे, घडी न मोडलेले. तो माणूस उघड्या हातांनी कॅन भरत होता. मी मोज्यांकडे बोट केलं तर म्हणाला, “ते घातले की झाकण सटकतं, बाई.” शेटनी आतून ओरडून सांगितलं की मी रोज सांगतो. दोघंही खरं बोलत होते. झाकण बघितलं मी हातात घेऊन: गुळगुळीत, बारीक चुण्यांचं, साबणाचं पाणी लागलेलं. मोजे घालून खरंच सटकत होतं. शेटना विचारलं, खाचा असलेलं मोठं झाकण मिळत नाही का? मिळतं म्हणाले, कॅनमागे सव्वा रुपया जास्त. लिहून ठेवलं त्यांनी, खडूने, पिंपावर.